पडण्याचे शिक्षण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात लोणावळे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणीसांनी ‘युरोपातील हिवाळी खेळांचे माझे अनुभव’ या विषयावर मी दोन शब्द बोलावे असा आग्रह धरला, तेव्हा मी त्यांस प्रांजळपणे सांगितले की, मी तेथे जे काही केले त्यास खेळ म्हणणे हा खेळ या शब्दावर अन्याय होईल. फार तर त्यास पडणे म्हणता येईल. त्यावर चिटणीस म्हणाले, “गुरुजी, मग पडण्यावरच बोला. चढण्यावर बोलणारे आम्हांस दरवर्षी मिळतात.” त्यांच्या या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो, आणि म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. उभा आहे, याचेच मला त्या प्रवासानंतर मोठे अप्रूप वाटते!

माझा जन्म मावळातला. लोहगड आणि विसापूर यांच्या सावलीत मी वाढलो. पावसाळ्यात फुटके इरले किंवा गोणपाट बुडाखाली घेऊन चिखलाच्या उतारावरून घसरत जाणे हा आमचा बालपणीचा मुख्य उद्योग होता आणि त्यापायी वडिलांच्या हातचा मारही पुष्कळ खाल्ला. पुढे शाळामास्तर झालो. मुलांच्या किती तुकड्या मी लोहगडाच्या विंचूकाट्यापर्यंत नेऊन सुखरूप परत आणल्या, याची गणती नाही. तेव्हा माझा स्वित्झर्लंडमधील भाचा “मामा, या हिवाळ्यात मामींना घेऊन इकडे या, तुम्हांला बर्फावरून घसरायला शिकवतो,” असे म्हणाला, तेव्हा मला हसू आले. मावळ्याला डोंगर शिकविणार तो कोण? हा गर्व पुढे किती टिकला, ते ओघाने येईलच.

आपल्या आजे-पणज्यांच्या काळी समुद्र ओलांडणे ही सोपी गोष्ट नव्हती. बोटीच्या त्रासापेक्षा परतल्यावर ज्ञातीच्या पंचांपुढे उभे राहण्याचा त्रास मोठा असे. परदेशी जाऊन आलेला मनुष्य ‘पतित’ ठरे आणि प्रायश्चित्ताशिवाय पंक्तीस बसू शकत नसे. इतके दूर कशाला, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याचे प्रकरण टिळक-रानड्यांसारख्या थोरांसही प्रायश्चित्तापर्यंत घेऊन गेले. आम्ही उभयता मात्र मुंबईहून विमानात बसलो आणि सुमारे नऊ तासांत झुरिकला उतरलो. जाताना ज्ञातीच्या कोणाही गृहस्थाने हरकत घेतली नाही. उलट पाचसहा जणांनी येताना चॉकलेट आणण्याविषयी बजावले. काळ बदलतो तो असा. परंतु पूर्वजांचा शब्द अगदीच खोटा ठरला असेही नाही. समुद्र ओलांडल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पतित झालो आणि पुढचा आठवडाभर दररोज वीसपंचवीस वेळा होत राहिलो!

आम्हांस जावयाचे होते दावोस या गावी. झुरिकहून आगगाडीने लांडक्वार्टपर्यंत यावयाचे आणि तेथून पुढे मीटर गेजच्या लाल गाडीत बसावयाचे. ती गाडी घाट चढू लागली आणि मला आपल्या बोरघाटाची आठवण झाली. आपली बोरघाटाची चढण १८६३ साली खुली झाली. सदतीस फुटांस एक फूट असा तिचा चढ. गाडीला कर्जतला मागून इंजिने जोडतात, आणि तेवढ्या वेळात उतारूंनी बटाटेवड्याचा समाचार घ्यावा अशी आपली जुनी रीत. दावोसची गाडी १८९० मध्ये सुरू झाली. तिचा चढ काही ठिकाणी बावीस फुटांस एक फूट इतका खडा आहे. मी भाच्याला विचारले, “येथे मागून इंजिन कोठे जोडतात?” तो म्हणाला, “मामा, इथे मागचं इंजिन नाही आणि वडाही नाही.” सौ.ने मुकाट्याने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि घाटाची अब्रू राखली.

दावोस हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या विसापूरच्या माथ्याच्या जवळजवळ दीडपट उंच. एके काळी ते गरीब गुराख्यांचे गाव होते. हिवाळा म्हणजे दार बंद करून, चुलीपाशी बसून काढावयाचे दिवस. पुढे १८६० नंतर तेथील कोरडी, थंड हवा क्षयरोग्यांस मानवते अशी प्रसिद्धी झाली आणि देशोदेशीचे रुग्ण येऊन राहू लागले. हवापालटासाठी लोणावळे-खंडाळ्यास येणाऱ्या मुंबईकरांची आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, तेव्हा हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे सहज उभे राहील. फरक इतकाच की, तेथल्या पाहुण्यांना खाटेवर पडून पडून कंटाळा आला आणि त्यांनी बाहेरच्या बर्फाशी खेळावयास प्रारंभ केला. गावकरी ज्या लाकडी घसरगाडीवरून सरपण आणि टपाल वाहत, तिच्याच शर्यती लागल्या. १८८३ मध्ये दावोसहून क्लॉस्टर्सच्या दिशेने जी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तीत क्लॉस्टर्सचा एक रहिवासी आणि एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी हे बरोबरीने पहिले आले. त्याच १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या होत्या. एकीकडे बर्फावरून हसत घसरणारे लोक आणि दुसरीकडे विद्येसाठी समाजाचा रोष पत्करून समुद्र ओलांडणाऱ्या या दोन बायका! दोन्ही चित्रे मनात शेजारी ठेवली म्हणजे आपण आज किती सुखाने प्रवास करतो याची जाणीव होते आणि मान आपोआप लवते.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. पहिल्या दिवशी सकाळी मला दुकानात नेऊन पायांत बूट चढविण्यात आले. त्यांस बूट म्हणावयाचे ते केवळ पायात घालतात म्हणून. एरवी ते दोन उखळांत पाय घालून वर झाकण लावल्यासारखे होते. त्या बुटांनी चालताना माणूस टाच आधी टेकतो आणि मग धाडकन्‌ पुढचा पाऊल आपटतो. सौ. म्हणाली, “तुम्ही अगदी गौरीच्या पावलांनी चालता आहात.” त्यावर माझ्या उंचीइतक्या लांब दोन पट्ट्या त्या बुटांना खटका देऊन अडकविल्या, हातांत दोन काठ्या दिल्या, डोक्यावर शिरस्त्राण घातले. त्याच्या आत माझी कानटोपी होतीच. अशा थाटात मी बोल्गेन नावाच्या उतारापाशी आलो आणि पाहतो तो काय, आपल्या लोहगडाच्या पायथ्याच्या शेताचा बांधही त्यापेक्षा जास्त उतरता असेल! चारपाच वर्षांची पोरे तेथे चिमण्यांसारखी भुर्रकन्‌ येत-जात होती. मी मनात म्हटले, हे तर काहीच नव्हे. एवढे मनात म्हणेपर्यंत मी आडवा झालो होतो. हललो नव्हतो, चाललो नव्हतो, घसरलोही नव्हतो, उभ्याउभ्याच पडलो. गुरुत्वाकर्षणाचा नियम मी वर्गात तीस वर्षे शिकविला. त्याने आपल्या मास्तराचीही गय केली नाही.

आमचे शिक्षक त्याच खोऱ्यातील एक शेतकरी होते. वय साठीच्या पुढे, चेहरा उन्हाने रापलेला. उन्हाळ्यात गाई राखावयाच्या, गवत कापावयाचे आणि हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांस स्की शिकवावयाचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम. ते थोडे इंग्रजी आणि बाकी जर्मन बोलत. भाचा दुभाष्या होता. मला उचलण्यासाठी हात पुढे न करता ते शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “उत्तम. आपण पहिला धडा आपण होऊनच सुरू केलात. आज आपण पडावयास शिकणार आहोत.”

मला वाटले, ही थट्टा आहे. परंतु थट्टा नव्हती. पहिला संपूर्ण तास त्या गृहस्थांनी आम्हांस केवळ पडावयास शिकविले. तोल जातो आहे असे वाटताच त्याच्याशी झगडू नये. अंग सैल सोडून, डोंगराच्या वरच्या अंगास, कुशीवर बसल्यासारखे पडावे. हात पुढे टेकू नये, मनगट मोडते. मागे बसू नये, पट्ट्या अधिकच वेगाने पळतात. पडल्यावर घाई न करता आधी दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या कराव्या, मग उठावे. उतारास सरळ ठेवून उठू पाहणारा उठण्यापूर्वीच पुन्हा निघतो. हे सारे ऐकताना मला वाटले, आपल्या शाळांतून आपण मुलांस पास होण्याचेच शिकविले. नापास कसे व्हावे, नापास झाल्यावर आधी काय आडवे करावे आणि मग कसे उठावे, हे शिकविले असते तर किती मुलांची मने मोडावयाची वाचली असती!

पडणे साधल्यावर थांबणे आले. शिक्षक म्हणाले, “फ्लूग.” भाचा क्षणभर अडखळला आणि म्हणाला, “मामा, नांगर.” दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर केली की नांगराच्या फाळासारखा आकार होतो आणि वेग मंदावतो. लहान मुलांस ते हीच गोष्ट पिझ्झ्याचा तुकडा म्हणून शिकवितात. परंतु मावळातल्या भातखाचरांत वाढलेल्या मला नांगर ताबडतोब समजला. पहिल्यांदा जेव्हा मी वीस पावले नांगरत खाली आलो आणि आपल्या इच्छेने थांबलो, तेव्हा झालेला आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. मी मागे वळून सौ.कडे विजयी मुद्रेने पाहिले. आणि अर्थातच पडलो. परंतु या वेळी कुशीवर, नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी वर ओढून नेणाऱ्या यंत्राशी गाठ पडली. वरून फिरणाऱ्या दोरास इंग्रजी ‘टी’ हे अक्षर उलटे टांगावे तशा दांड्या लोंबतात. ती दांडी मांड्यांच्या मागे घेऊन उभे राहिले की पट्ट्यांवरून माणूस चढावर ओढला जातो. या जातीचे जगातील पहिले यंत्र एर्न्स्ट कॉन्स्टाम नावाच्या अभियंत्याने १९३४ साली याच बोल्गेनच्या उतारावर उभारले. अशा ऐतिहासिक स्थळी मी जे केले ते सांगावयास लाज वाटते. दांडी दिसली की आपल्याकडचा मनुष्य तिच्यावर बसतो; मीही बसलो. ती बसावयाची नसते, टेकावयाची असते. मी बसताच ती जमिनीपर्यंत खाली आली, मी तिच्यासह खाली आलो, शेजारचा भाचा माझ्यावर आला आणि मागून येणारी एक जर्मन बाई आम्हां दोघांवर आली. यंत्र चालविणाऱ्याने ते थांबविले. कोणी ओरडले नाही, कोणी हसलेही नाही. मला ज्या तरुणाने हाताला धरून उठविले, त्याने फक्त इतकेच विचारले, “दुखले का?”

सौ.चे म्हणाल तर तिने स्कीच्या वाटेला न जाण्याचा शहाणपणा केला. शात्झाल्प नावाच्या टेकडीवर १९०० साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले होते. आज तेथे हॉटेल आहे. वर जावयास दोराने ओढली जाणारी गाडी आहे आणि खाली यावयास सुमारे तीन किलोमीटरांची घसरगाडीची वाट. साडीवर गरम तुमान चढवून ती त्या लाकडी घसरगाडीवर बसली, टाचांनी दिशा सांभाळीत एकदाही न पडता खाली पोहोचली आणि माझी वाट पाहत उभी राहिली. मी आलो तेव्हा माझी घसरगाडी माझ्या पाचदहा मिनिटे आधी येऊन गेली होती. माझ्या समाधानासाठी भाच्याने सांगितले की, शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल हाही पत्नीच्या आजारपणामुळे येथे राहत असता १८९४ मध्ये दोघा स्थानिक भावांबरोबर स्कीवरून डोंगर ओलांडून अरोसास गेला होता आणि त्या घसरण्यात त्याची पाटलोण झिजून गेली. मी म्हटले, “माझीही झिजली आहे, म्हणजे इंग्रजी वाङ्मयाशी माझे थोडे तरी नाते जुळले.”

मंडळी, येथवर आपण हसलात याचा मला आनंद आहे. आता थोडे निराळे सांगावयाचे आहे.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तो वाटेत एक दोर आडवा बांधलेला आणि त्यावर ‘बंद’ अशी पाटी. ऊन लख्ख पडले होते. रात्रभर पडलेला नवा बर्फ साखरेसारखा चमकत होता. याहून सुंदर सकाळ मी पाहिली नव्हती आणि ती वाट पाहता माझ्या मनात आलेला पहिला विचार मी आपणांपासून लपवीत नाही. तो विचार असा की, पहारेकरी कोठे दिसत नाही, दोर गुडघ्याइतकाच उंच आहे, ओलांडला तर कोण विचारतो? मी भाच्यास तसे म्हटलेही. तो इतका गंभीर झाला की, माझ्या लहानग्या भाच्याच्या जागी मला क्षणभर कोणी वडीलधारे उभे आहे असे वाटले. “मामा, दोराला पहारेकरी लागत नाही. इथे लोक दोर ओलांडत नाहीत, कारण ओलांडून परत न आलेली माणसं प्रत्येक गावाला माहीत आहेत.”

त्या दिवशी खेळ बंद म्हणून आमचे शिक्षक आमच्याबरोबर कॉफी घ्यावयास बसले. मी सौ.ने आणलेली लोणावळ्याची चिक्की त्यांच्यापुढे ठेवली. आपल्या बोरघाटाच्या कामावरील मजुरांच्या गूळदाणीपासून ही चिक्की आली असे सांगतात, हेही मी त्यांस सांगितले. दात सांभाळीत त्यांनी ती खाल्ली आणि मग बर्फाच्या कड्यांविषयी, म्हणजे हिमलोटांविषयी, बोलू लागले. १९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमलोटांखाली ९८ माणसे मेली. घरे, गोठे, गुरे गेली ती निराळीच. दावोसच्या वरच्या वाइसफ्लूयोख या शिखराजवळ बर्फाचा अभ्यास करणारी संस्था १९४२ पासून काम करीत होती. त्या आपत्तीनंतर तिच्या कामास आणि डोंगरावर बंधारे घालण्यास, झाडे राखण्यास मोठा वेग आला. आज ती संस्था हिवाळ्यात दिवसातून दोनदा, सायंकाळी आणि सकाळी, धोक्याचे पत्रक काढते. धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत; १९९३ पासून युरोपभर याच पायऱ्या चालतात. आमच्या त्या दिवशी तिसरी पायरी होती. मी म्हटले, “पाचांपैकी तिसरी, म्हणजे मध्यमच की!” शिक्षकांनी मान हलविली. ते म्हणाले, “सर्वांत अधिक माणसे तिसऱ्या पायरीलाच मरतात. पाचव्या पायरीला सगळेच घरी बसतात. तिसऱ्या पायरीला ऊन असते, बर्फ सुंदर असतो आणि मनुष्याला वाटते, आपल्याला काय होणार? ज्यांच्यावर हिमलोट कोसळतो, त्यांपैकी दहांतील नऊ जणांवर तो त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलाने सुटलेला असतो.”

मग त्यांनी सहज विचारले, “आपल्या डोंगरांत बर्फ नाही म्हणता. मग लोक कशासाठी येतात?”

मी अभिमानाने सांगितले, “पावसासाठी.” वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, पाऊस आमच्या लोणावळ्यावर कोसळतो. धुके उतरते, शेकडो धबधबे सुटतात आणि एकेका रविवारी लक्षावधी लोक घाट चढून येतात.

ते म्हणाले, “मग आपण त्यांस पावसात पडावयास कोठे शिकविता? आपले दोर कोण बांधतो?”

ज्ञातिबंधूंनो, मी आयुष्यभर मुलांस प्रश्न विचारले. मला एकाच साध्या प्रश्नाने असे निरुत्तर कोणी केले नव्हते.

कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे भुशी उभे राहिले. वाफेच्या इंजिनांस पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले ते धरण. आपल्यापैकी कोणी तेथील पायऱ्यांवर बसून भजी खाल्ली नाहीत? ३० जून २०२४, रविवार. त्या धरणाच्या मागच्या अंगाच्या धबधब्यात एका कुटुंबातील माणसे मध्यल्या खडकावर उभी होती. वर डोंगरात पाऊस वाढला, पाणी बघता बघता चढले आणि एकमेकांस घट्ट धरून उभी असलेली ती माणसे वाहून गेली. पाच जीव गेले, त्यांत लहान मुले होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने प्रतिबंधाचे आदेश काढले, ते योग्यच झाले. तथापि पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, आपल्या मावळातील कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पाहुण्यांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण गेले. ही माणसे प्रलयात गेली नाहीत. ती सुट्टीच्या आनंदाच्या दिवशी, हसत असताना गेली. शिक्षकांची तिसरी पायरी ती हीच.

आपण त्या वेळी काय म्हणालो? मीही म्हणालो, म्हणून सांगतो. आपण म्हणालो, ‘शहरातले लोक, त्यांना डोंगर कळत नाही.’ पण बर्फावरील चार वर्षांच्या पोरांपुढे मलाही डोंगर कळत नव्हता. तेथे मला कोणी हसले नाही, पडावयास शिकविले. आपण पाहुण्यांस चिक्की विकली, खोल्या दिल्या, मोटारी उभ्या करावयास जागा दिली. खडकावरचे शेवाळ कसे ओळखावे, गढूळ होऊ लागलेल्या पाण्याचा अर्थ काय, वर ढग भरला की खालच्या ओढ्यातून किती लवकर बाहेर यावे, हे आपल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी आणि धनगर बांधवांच्या मुलांस न शिकविता कळते. ते ज्ञान पाहुण्यांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था मात्र आपण केली नाही. त्या खोऱ्यातील गुराख्यांनी आपल्या हिवाळ्याची विद्या केली, आणि त्या विद्येवर त्यांची घरे चालतात. आपण आपल्या पावसाचा केवळ बाजार केला.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी मृगाच्या सुमारास आपल्या तरुणतरुणींसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे आणि डोंगरात कसे चालावे, कसे पडावे, केव्हा परत फिरावे हे शिकवावे. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थेचे स्वयंसेवक रात्रीअपरात्री दरीत उतरून माणसे वर काढतात, त्यांस विनंती केली तर ते मार्गदर्शन नाकारतील असे वाटत नाही. दुसरी, पावसाळ्यात येथे उतरणाऱ्या आपल्या पाहुण्यांसाठी आपण रोज सकाळी एक फळा लिहावा. त्यावर कालचा पाऊस, आजचा हवामानखात्याचा इशारा आणि आज जाऊ नये अशी ठिकाणे इतकेच असावे. खडूचा खर्च मी देईन. शाळामास्तराकडे तेवढा शिल्लक आहे.

तिसरी सूचना थोडी अवघड आहे. मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरसाल एका होतकरू मुलाला किंवा मुलीला दार्जिलिंग किंवा उत्तरकाशी येथील गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक शिक्षणक्रमास पाठवावे. आणि ते मूल मावळातील कोणत्याही वाडीवस्तीवरील असावे, आपल्याच ज्ञातीचे असण्याची अट नसावी. ‘ज्ञातीचा निधी ज्ञातीबाहेर का?’ असे काही वडीलधारी मंडळी विचारतील, आणि त्यांचा प्रश्न मी गैर मानीत नाही. एकेक रुपया जोडून हा निधी उभा करणाऱ्यांच्या कष्टांची मला जाणीव आहे. माझे उत्तर इतकेच की, मी जेव्हा बर्फात आडवा पडलो, तेव्हा मला उठविणाऱ्या तरुणाने माझे कुळ-गोत्र विचारले नाही. दुखले का, एवढेच विचारले. आणि आपल्या घरातील मूल उद्या नागफणीच्या कड्यावर अडकले, तर दोर घेऊन उतरणारा जो कोणी असेल त्याची ज्ञात आपणही विचारणार नाही.

स्कीच्या खेळास आंतरराष्ट्रीय मंडळाने १९६७ मध्ये नियम घालून दिले. त्यांतील एक नियम शिक्षकांनी माझ्याकडून रोज पाठ म्हणवून घेतला. वरून येणाऱ्याने खालच्यास सांभाळावे. खालचा कसाही वळो, अडखळो, मध्येच पडो. त्याला धक्का लागणार नाही अशी वाट वरच्याने निवडावी, कारण वरच्यास खालचा दिसतो, खालच्यास मागचा दिसत नाही. आणि अपघात झाला तर मदत करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, असेही त्या नियमांतच लिहिले आहे. शिक्षणाने आणि नोकरी-व्यवसायाने आपली ज्ञाती गेल्या दोन-तीन पिढ्यांत चार पावले वर चढली, याचे कौतुक आपण दर संमेलनात करतो आणि ते करावेही. वर चढलेल्यांवर येणारा नियम मात्र तोच आहे.

हिमाच्या खेळांत आपला देश मागे आहे, परंतु अगदी बाहेर नाही. मनालीजवळच्या खेड्यातील शिव केशवन सोळाव्या वर्षी १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. २०२२ मध्ये गुलमर्गचा आरिफ खान एकटाच भारताचा झेंडा घेऊन बीजिंगला गेला. आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत बर्फ न पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राच्या मुलामुलींनीही स्केटिंगमध्ये पदके मिळविली. तेव्हा मावळातील एखादी ठाकरवाडीची मुलगी उद्या बर्फावर नांगर धरून उभी राहिली तर मला नवल वाटणार नाही. ती माझ्याप्रमाणे मागे वळून पाहणार नाही, एवढीच आशा.

माझे प्रायश्चित्त अजून राहिले आहे. पूर्वी पतितास पंचगव्य देत. आजच्या पंचांनी मला त्या फळ्यावर रोज सकाळी लिहिण्याचे काम द्यावे, म्हणजे मी शुद्ध झालो असे समजेन. आता मी खाली बसतो. बसतो, पडत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.